कशावर क्लिक केलंत?

घरातला कॉम्प्युटर अडखळायला लागला, पडद्यावर एकावर एक खिडक्या उघडायला लागल्या, ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदललं, की घरातलं तरुण माणूस पहिला प्रश्न विचारतं, "कशावर क्लिक केलंत?" समोर बाबा असतात, आई असते, नाहीतर सुट्टीला आलेली आत्या असते. प्रश्नाचा सूर फौजदाराचा, त्यामुळे उत्तरही आरोपीचंच येतं. "मी काहीच केलं नाही. आपोआप झालं." मग तरुण माणूस उसासा टाकतं, माउस ओढून घेतं आणि पुढचा अर्धा तास 'किती वेळा सांगितलं' या विषयावर बोलतं.

तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, म्हणजे बहुधा ते तरुण माणूस तुम्हीच. तुमचं सगळं जग फोनमध्ये आहे. हॉलच्या कोपऱ्यातला डेस्कटॉप, किंवा तुमच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेला आणि आता बाबांच्या वाट्याला आलेला लॅपटॉप, ही तुमच्या लेखी अडगळ. पण घरातली एफडी त्यावरून मोडली जाते, आयकर विवरणपत्र त्यावरून भरलं जातं, सातबाऱ्याचा उतारा त्यावर काढला जातो, धाकट्या बहिणीचा सीईटीचा फॉर्म त्यावर भरला जातो. घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती 'न्यू फोल्डर (३)' मध्ये पडलेल्या असतात. फोनपेक्षा त्या अडगळीत चोरण्यासारखं जास्त आहे.

माझं म्हणणं असं, की तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. बाबांनी कशावर तरी क्लिक केलंही असेल. पण क्लिक करण्यासाठी ती वस्तू तिथे ठेवली कोणी, तिचे पैसे कोणाला मिळाले आणि ती तिथे असण्याला कोणाचीच हरकत का नव्हती, हे आपण विचारत नाही. 'सावध राहा, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' हे वाक्य आता सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखं झालं आहे. ते छापलं की विकणाऱ्याची जबाबदारी संपली.

पॉप-अपचंच बघा. तो अंधाऱ्या खोलीत हूडी घालून बसलेल्या कुठल्या हॅकरनं शोधलेला नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची कंपनी होती, लोकांना फुकट वेबपानं बनवू द्यायची. तिथल्या एथन झुकरमन यानं जाहिरातीची स्वतंत्र उघडणारी खिडकी लिहिली. कारण ऐकण्यासारखं आहे. एका मोटार कंपनीची जाहिरात लैंगिक विषयावरच्या एका पानावर जाऊन बसली आणि कंपनी बिथरली. जाहिरात तर दाखवायची, पण त्या पानाशी आपलं नातं दिसायला नको, म्हणून वेगळी खिडकी. झुकरमननं २०१४ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. (खिडकी लिहिणाऱ्यानं मागितली. तिच्यातली जागा विकत घेणाऱ्यांपैकी कोणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.) म्हणजे वाचणाऱ्याला काय हवं, हा विचार त्या खिडकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा खोलीत नव्हता.

पुढे धंदा वाढला. २००० नंतरची ती सायबर कॅफेची वर्षं. काझावरून गाणी उतरवायची, आणि काझाबरोबर गेटर नावाचं एक बिनबोलावलेलं पाहुणं मशीनमध्ये शिरायचं. ते तुमचे पासवर्ड लक्षात ठेवायचं, तुम्ही कुठे कुठे जाता ते बघायचं आणि त्या हिशेबानं जाहिराती उघडायचं. एका वेबसाइटनं त्याला 'स्पायवेअर' म्हटलं, तर गेटरवाले बदनामी झाली म्हणून २००३ मध्ये कोर्टात गेले. त्याच वर्षी कंपनीनं स्वतःचं नाव बदलून क्लॅरिया केलं. बॉन्झी बडी नावाचं एक जांभळं माकड होतं. पडद्यावर उड्या मारायचं, विनोद सांगायचं, गाणी म्हणायचं, लहान पोरं त्याच्यावर खूश असायची. ते बनवणाऱ्या कंपनीला पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २००४ मध्ये दंड भरावा लागला. झँगो नावाच्या कंपनीनं २००६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. लोकांना न कळेल असं जाहिरातींचं सॉफ्टवेअर टाकणं आणि मग ते काढता येऊ न देणं, हा आरोप होता. यातली कुठलीही कंपनी लपून राहत नव्हती. त्यांना ऑफिसं होती, गुंतवणूकदार होते, वकील होते.

आणि सगळ्यांचा बचाव एकच होता. तुम्ही 'आय ॲग्री' दाबलंत. पंधरा पानी करार तुमच्यासमोर होता, तुम्ही न वाचता पुढे गेलात, आता तक्रार कसली? थोडक्यात, 'कशावर क्लिक केलंत?' हा प्रश्न मुळात त्या वकिलांचा आहे. आपण तो घरी आणला आणि आईबाबांना विचारायला लागलो.

बरं, क्लिकच केलं नसेल तर? २००५ मध्ये सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडींमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं होतं. लोकांनी कॉपी काढू नये म्हणून. दुकानात जाऊन, पैसे मोजून, अस्सल सीडी आणलेल्या माणसानं ती कॉम्प्युटरमध्ये वाजवली की ते सॉफ्टवेअर विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवायचं. असं लपलेलं, की दुसरे व्हायरसही त्याच्याच आडोशाला लपू शकत होते. मार्क रसिनोविच या तज्ज्ञानं ३१ ऑक्टोबर २००५ ला ते उघडकीला आणलं. त्यावर कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं रेडिओवर जे सांगितलं त्याचा आशय असा, की बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही, मग त्यांनी काळजी कशाला करायची. पुढे सीडी परत घ्याव्या लागल्या. गंमत बघा, चोरून एमपीथ्री उतरवणाऱ्याला यातलं काहीच झालं नाही. इमानदारीनं सीडी विकत घेणाराच अडकला.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, लेनोवोची पाळी आली. त्यांच्या काही नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच टाकून आलेलं होतं. तुम्ही काय खरेदी बघताय त्यावरून जाहिराती घुसवायचं. त्यासाठी ते ब्राउझर आणि वेबसाइट यांच्या मध्ये जाऊन बसायचं. बँकेच्या साइटवर दिसणाऱ्या कुलपाच्या खुणेवर आपण विसंबतो ना, ते कुलूपच ते बदलायचं. वर सगळ्या मशीनवर एकच किल्ली. एका लॅपटॉपमधून ती किल्ली काढली, की त्या सगळ्या लॅपटॉपवाल्यांची कुलपं कोणालाही उघडता येणार. खोक्याचं सील फोडणं याला 'अनोळखी लिंकवर क्लिक' म्हणायचं का?

यावर साधारण उत्तर येतं, की अँटिव्हायरस घ्या. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण भीती विकण्याचा धंदा इथे आहे.

एक काळ होता, तेव्हा अँटिव्हायरसशिवाय गत्यंतर नव्हतं. डीटीपीवाल्याकडून पेन ड्राइव्ह परत आला की त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असायचे. पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्राम आपोआप चालू होण्याची सोय विंडोजमध्येच होती. मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजसाठीही ती सरसकट बंद केली फेब्रुवारी २०११ मध्ये. तोवर आपण पेन ड्राइव्ह देणाऱ्या मित्राला शिव्या घालत होतो. त्या काळात क्विक हीलसारखी कंपनी पुण्यात उभी राहिली. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या भावानं दुरुस्तीला आलेल्या मशीनमधले व्हायरस काढण्यासाठी प्रोग्राम लिहिला, त्यातून पुढचं सगळं झालं. ती गरज खरी होती आणि ते कामही खरं होतं.

आज घरगुती वापराच्या विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो. फुकट असतो. स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्ये त्याला गेली काही वर्षं चांगले गुण मिळत आले आहेत. पण नवा लॅपटॉप उघडला की त्यात कुठल्यातरी दुसऱ्याच अँटिव्हायरसची एक-दोन महिन्यांची चकटफू आवृत्ती बसलेली असते. मुदत संपली की ती लाल अक्षरांत ओरडायला लागते, 'तुमचा संगणक धोक्यात आहे!' बाबांनी आता ओळखायचं कसं? खोटा पॉप-अपही लाल अक्षरांत हेच ओरडतो. पैसे भरून खरं संरक्षण देणारा आणि पैसे लुबाडणारा, दोघं एकाच आवाजात बोलायला लागले, तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच.

आणि खरे म्हणवणारेही किती खरे? अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. तिथे कॉम्प्युटरची 'मोफत तपासणी' व्हायची. तपासणीच्या सुरुवातीला ग्राहकाला चार गोष्टी विचारायच्या. मशीन मंद झालंय का, व्हायरसचे इशारे येतात का, सारखं बंद पडतं का, पॉप-अप येतात का. यातल्या एकाला जरी 'हो' म्हटलं, तरी तो प्रोग्राम व्हायरसची लक्षणं सापडल्याचं सांगायचा. तपासणीत काय सापडलं याचा त्या निकालाशी संबंधच नव्हता. मग दुरुस्तीचं बिल, काही वेळा ३०० डॉलरपर्यंत. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि त्यांना तो प्रोग्राम पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. डॉक्टरनं थर्मामीटरवर आधीच १०३ छापून आणावं, त्यातला हा प्रकार.

ॲव्हास्ट तर आपल्याकडेही घराघरांत होता, फुकट मिळायचा म्हणून. जाहिरातवाले तुमचा माग काढतात त्यापासून आम्ही वाचवू, असं तो सांगायचा. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी दाखवून दिलं, की लोक कुठल्या साइटवर जातात याची माहिती ॲव्हास्ट स्वतःच गोळा करत होता आणि जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होता. २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. नॉर्टननं २०२१ मध्ये अँटिव्हायरसबरोबरच आभासी चलन खणायची सोय दिली. वीज तुमची, मशीन तुमचं, कमाईतले १५ टक्के त्यांचे. आता स्पायवेअरची व्याख्या काय करायची ते तुम्हीच ठरवा.

या धंद्याची शेवटची पायरी आपल्या देशात आहे, हेही सांगायला हवं. 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असा पॉप-अप अमेरिकेतल्या एखाद्या आजीच्या पडद्यावर उगवतो, ती घाबरून फोन करते, आणि पुष्कळदा तो इथल्या कॉल सेंटरमध्ये वाजतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून अशा केंद्रांवर छापे घातले. फोन उचलणारी मुलं तुमच्याच वयाची असतात. तीच संहिता आता इथल्या लोकांवरही वापरली जाते, फक्त भाषा बदलून.

आता आक्षेप. मला तो नेहमी ऐकवला जातो आणि तो खोटा नाही. आपल्याकडे निम्म्या भानगडी फुकट्या सॉफ्टवेअरमुळे होतात, लोक क्रॅक टाकतात, आणि त्यातूनच सगळं येतं. बरोबर. क्रॅक टाकताना पहिली सूचनाच असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. चोरानं कुत्रा बांधून ठेवायला सांगावा आणि आपण बांधावा, असं ते आहे. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवायला क्रॅकइतकी सोपी वाट नाही. पण घरातला क्रॅक कोणी टाकलेला असतो ते आठवून बघा. मशीन जोडून देणाऱ्या दुकानदारानं विंडोज 'टाकून' दिलेलं असतं आणि त्याची वेगळी किंमत बिलावर नसते. फोटोशॉप आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तर बहुतेक वेळा मुलानंच टाकलेलं असतं, कॉलेजात असताना. म्हणजे प्रश्न विचारणाराच.

बाबांना वाईट सवयी लागल्या त्या मात्र दुसरीकडून. त्यांची पिढी एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकली. पडदा सांगेल ते करायचं, 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'फिनिश'. नंतर सरकारी आणि बँकांच्या वेबसाइटींनी त्यांना आणखी शिकवलं. फॉर्म भरायचाय? पॉप-अप ब्लॉकर बंद करा. पावती हवीये? पॉप-अपला परवानगी द्या. 'हे पान सुरक्षित नाही' असं ब्राउझर म्हणतोय? 'ॲडव्हान्स्ड' दाबा, 'प्रोसीड' दाबा, सगळे तसंच करतात. डिजिटल सही करायचीये? जावाची जुनी आवृत्ती उतरवा. त्या जावाबरोबर बरीच वर्षं आस्क टूलबार यायचा, खूण आधीच केलेली. वर्षानुवर्षं कार्यालयांनीच माणसाला इशारे ओलांडायला शिकवायचं आणि एके दिवशी त्यानं एक इशारा ओलांडला की त्याला बेसावध म्हणायचं! अशा सूचना देणाऱ्या वेबसाइटवर कोणी कारवाई केल्याचं तुम्ही कधी वाचलंय?

सावधपणा कोणाला परवडतो, हे तुम्ही कुठे राहता त्यावरही ठरतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. तुमच्या हॉलमधला २०१५ चा आय-थ्री अगदी ठणठणीत असला तरी तो बाद. आणखी एक वर्ष अपडेट हवे असतील तर ३० डॉलर भरा, किंवा मशीनची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर चढवा, नाहीतर त्यांचे हजार पॉइंट जमवून मोजा. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी दबाव आणला, आणि तिथे मायक्रोसॉफ्टचं खातं काढून अधूनमधून लॉगिन केलं की या तिन्ही अटींशिवाय वर्षभर अपडेट मिळाले. तोच व्हायरस, तेच छिद्र, तेच विंडोज. लिस्बनमधल्या बाबांना फुकट, लातूरमधल्या बाबांना अटींसकट.

आणि मनात आणलं तर कंपनीला करता येतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तीन वर्षांपूर्वीच पाठिंबा काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच दिला होता. (तो व्हायरस ज्या छिद्रातून शिरला, त्यावरचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं बनवून आपल्याजवळ ठेवलं होतं आणि ते तिच्याकडून फुटलं. तिथेही कोणी 'कशावर क्लिक केलंत?' विचारलं नाही.)

जाहिराती अडवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. डिसेंबर २०२२ मध्ये एफबीआयनं लोकांना जाहीर सल्ला दिला, की इंटरनेटवर काही शोधताना ॲड-ब्लॉकर वापरा, कारण गुन्हेगार नावाजलेल्या कंपन्यांच्या नावानं जाहिराती देऊन शोधनिकालांच्या वर बसतात. पोलीस यंत्रणा सांगते आहे की जाहिरात अडवणं म्हणजे सुरक्षा. आणि २०२४-२५ मध्ये गूगलनं क्रोमची अंतर्गत रचना बदलली, त्यात सगळ्यांत भरवशाचा ॲड-ब्लॉकर, यूब्लॉक ओरिजिन, क्रोममध्ये चालेनासा झाला. गूगल म्हणतं, हे सुरक्षेसाठी आणि वेगासाठी केलं. गूगलच्या उत्पन्नाचा सगळ्यांत मोठा वाटा जाहिरातींचा आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवतो, एवढंच.

इथवर कोणी म्हणेल, ठीक आहे, कंपन्या लबाड आहेत, पण बाबांना जरा ओरडलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते पैशांत बिघडतं.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खात्यातून परस्पर पैसे गेले, त्यात बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसला आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य, असं त्यात ठरवून दिलं. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भुर्दंड त्याच्यावर. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची. कुठलंही कलम घ्या, सगळं येऊन थांबतं ते एकाच गोष्टीवर, किती लवकर सांगितलं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. लॅपटॉपवर असाच लाल पडदा आला, भोंगा वाजायला लागला, त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसानं एनीडेस्क टाकायला लावलं, 'खातं सुरक्षित आहे का बघू' म्हणत बँकेत लॉगिन करायला लावलं. एक लाख ऐंशी हजार गेले. हे गृहस्थ नऊ दिवस गप्प बसले. मुलगा बेंगळुरूला आयटीत. त्याला कळलं तर तो काय विचारेल हे त्यांना पाठ होतं. शेवटी पासबुक भरायला गेलेल्या काकूंच्या लक्षात आलं. तोवर पैसे तीन-चार खात्यांतून फिरून निघून गेले होते. बँकेनं 'निष्काळजीपणा' हा एक शब्द लिहून पत्र पाठवलं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, त्याला सत्तराव्या वर्षी हा शेरा.

त्या नऊ दिवसांचा हिशेब मी चोरांच्या खात्यावर टाकायला तयार नाही. ते आपण घडवले. घराघरांत वर्षानुवर्षं विचारल्या गेलेल्या त्या एका प्रश्नानं घडवले. चोराला तर तो प्रश्न फार सोयीचा, कारण शरमेनं गप्प बसलेला माणूस त्याला पळायला वेळ देतो.

तेव्हा येत्या रविवारी त्या अडगळीसमोर तास-दीड तास बसा. उपदेश करायला बसू नका, मशीनचं काम करायला बसा. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले' म्हणून जे चौकोन उगवतात, ते बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. बाबांनी कधीतरी एखाद्या साइटला 'अलाऊ' म्हटलेलं असतं आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन सगळ्या साइटींना बंद करा, अर्धी कटकट तिथेच संपते. फायरफॉक्स टाका, त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका, आणि तोच ब्राउझर डेस्कटॉपवर समोर ठेवा. अनोळखी टूलबार, 'पीसी क्लीनर', मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाका आणि डिफेंडर चालू आहे ना बघा. विंडोजमध्ये पहिलं खातं आपसूक ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं, म्हणजे त्या खात्यात शिरलेल्या प्रोग्रामला सगळं घर मोकळं. बाबांसाठी साधं, स्टँडर्ड खातं करा. ॲडमिनचा पासवर्ड मात्र त्यांनाही माहीत असू द्या, मशीन त्यांचं आहे. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. आणि तो क्रॅक, तुम्ही टाकलेला, काढा. फोटोशॉप कोणी वापरत नाही आता त्या मशीनवर.

मग त्यांना दोनच गोष्टी करून दाखवा, तोंडानं सांगू नका. पडदाभर लाल इशारा आला तर एस्केप दाबून धरायचं. नाही गेला तर ऑल्ट आणि एफ-फोर. तरीही नाही, तर पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि मशीन बंद करायचं, त्यानं काही बिघडत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर 'आधीची पानं उघडू का' विचारेल, नाही म्हणायचं. दुसरी गोष्ट नवी आहे, तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. 'मी रोबो नाही' असं पान येतं आणि विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगतं. त्या पानानं कॉपी करून ठेवलेला हुकूम तुम्ही स्वतःच्या हातानं मशीनला देता, आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत येतो. कुठलीही खरी वेबसाइट असं करायला सांगत नाही.

शेवटी एक कागद घ्या, वहीचा, जाड पेननं लिहा आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवा. त्यावर १९३० लिहा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्याखाली बँकेचा नंबर. तो गूगलवर शोधून लिहू नका, सगळ्यांत वर येणारा नंबर जाहिरातीतला असू शकतो. डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूनं उतरवून घ्या. त्याखाली तुमचा नंबर, आणि पुढे कंसात लिहा, 'कधीही, काहीही विचारणार नाही'.